छंदातून उद्योग : एका गोधडीचा हिशेब

आमच्या घरी पाहुणे आले की आई ट्रंकेतून एक गोधडी काढून अंथरायची. वर हिरवे इरकली लुगडे, कडेला लाल पट्टी आणि आत आजीची दोन विटलेली लुगडी. पाहुण्यांनी टाक्यांवरून हात फिरवून "कुणी शिवली?" असे विचारले की आईचा चेहरा फुलायचा. पुढे गल्लीतल्या बायका आपापली जुनी लुगडी घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. दुपारची भांडी आटोपली की आई दारात पाय पसरून बसे आणि दिवेलागणीपर्यंत टाके घाली. एका गोधडीला पंधरा-वीस दिवस सहज जात. मोबदला म्हणून कुणी शेरभर शेंगदाणे देई, कुणी खण-नारळ, कुणी फक्त दोऱ्याचे पैसे. "तुला छंदच आहे बाई याचा," असे म्हणून बायका गोधडी काखेत मारून निघून जात. आईलाही त्यात काही वावगे वाटत नसे.

पुढे मी बी. ए. होऊन बँकेत कारकून झालो. काउंटरवर बसून दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांच्या नोंदी करताना कधी कधी आईच्या त्या गोधड्या आठवतात आणि वाटते, या कामाची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्मरणिकेसाठी स्वयंरोजगारावर काहीतरी लिहा असे सांगितले, तेव्हा मोठमोठ्या उद्योगांविषयी लिहिण्यापेक्षा या एका गोधडीविषयीच लिहावे असे ठरवले. आपल्या वस्तीत भरतकाम, विणकाम, कागदी फुले, मातीच्या वस्तू, चित्रे करणारे हात पुष्कळ आहेत. गोधडीला जो हिशेब लागू आहे, तोच त्या सर्वांना लागू आहे.

छंद आणि उद्योग यांत फरक काय?

छंदात आपण वस्तू करतो ती आपल्या आवडीने, आपल्या सवडीने आणि आपल्या मापाने. चुकली तर उसवतो, कंटाळा आला तर ठेवून देतो. उद्योगात घेणारा समोर असतो. त्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापाची आणि सांगितली तशीच वस्तू हवी असते. हा फरक सर्वांना कळतो. पण याहून मोठा एक फरक आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. छंदात आपण आपला वेळ मोजत नाही. उद्योगात तो मोजावाच लागतो. ज्या दिवशी माणूस आपल्या हाताच्या तासांना किंमत लावतो, त्या दिवशी छंदाचा उद्योग होतो, असे माझे मत आहे. दुकानाची पाटी, छापील कार्ड, कर्ज, यंत्र या सर्व गोष्टी नंतरच्या.

वारली चित्रांचे उदाहरण

आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहू. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी या भागांत वारली समाजातील सुवासिनी लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर चौक लिहीत. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बस्स, एवढेच साहित्य. लग्न झाले की काही दिवसांनी ते चित्र पुसट होऊन जाई. ते विकण्याची कल्पनाच नव्हती, कारण भिंत कुणी उचलून नेत नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार शासनाच्या हस्तकला विभागाच्या कामानिमित्त त्या भागात कागद व रंग घेऊन गेले. तेथे जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रे कागदावर काढण्यास सुरुवात केली. लग्नकार्य असो वा नसो, हा माणूस आवडीने रोज चित्रे काढीत असे. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ही कला जगभर पोहोचली होती आणि पाड्यापाड्यांवर अनेक तरुण त्यावर उपजीविका करू लागले होते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, कला तीच राहिली, पण ती भिंतीवरून कागदावर आली. उचलून नेता येईल, टपालाने पाठवता येईल, घरात टांगता येईल, असे रूप तिला मिळाले. दुसरा धडा थोडा कडू आहे. वारली आकृत्या आज कपबशांवर, पडद्यांवर, भेटकार्डांवर छापलेल्या सर्रास दिसतात. त्यांतील कितीतरी वस्तूंशी वारली हातांचा काहीही संबंध नसतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकन मिळाले, म्हणजे त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु कायदा नाव राखतो, मजुरी ठरवून देत नाही. ती कारागिरालाच ठरवावी लागते.

एका गोधडीचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. पाच फूट रुंद व सात फूट लांब अशी हातशिलाईची एक गोधडी घेतली. पुढील दर मी उदाहरणासाठी धरले आहेत. आपापल्या गावच्या दराप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

वरचे नवे सुती कापड व अस्तर : ६०० रुपये
आत घालण्यासाठी ५ जुन्या सुती साड्या, प्रत्येकी ६० रुपये : ३०० रुपये
दोरा, सुया, कडेची पट्टी : १५० रुपये
धुणे, इस्त्री, पिशवी : १०० रुपये
साहित्याची बेरीज : १,१५० रुपये
प्रवास, फोन, वीज, प्रदर्शनातील जागेचा वाटा : ३५० रुपये
शिवण्याची मजुरी, रोज ४ तासप्रमाणे १५ दिवस, म्हणजे ६० तास, तासाला ५० रुपये : ३,००० रुपये
एकूण खर्च : ४,५०० रुपये
नफा व गंगाजळी १० टक्के : ४५० रुपये
विक्रीची किंमत : ४,९५० रुपये

हा आकडा वाचून अनेक भगिनी हसतील. "गोधडीला पाच हजार कोण देणार? आम्ही तर दीड हजाराला देतो." ठीक आहे. दीड हजाराला दिली तर काय होते ते पाहू. साहित्याचे १,१५० आणि इतर खर्चाचे ३५० वजा केले की खाली शून्य उरते. म्हणजे साठ तासांची मजुरी शून्य. हातात दीड हजार रुपये दिसतात म्हणून फायदा झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आपण गिऱ्हाइकाला तीन हजार रुपयांचे श्रम फुकट दिलेले असतात. तासाला ५० रुपये म्हणजे आठ तासांचे ४००. हा काही चैनीचा दर नव्हे.

आपल्या समाजाने तर ही गोष्ट जास्तच ध्यानात घ्यावी. बलुतेदारीच्या काळात सुतार, कुंभार, चांभार, मांग यांच्या हातांत उत्तम कसब होते. पण मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे आणि तो किती द्यायचा हे बहुधा देणाराच ठरवी. महार वतनात तर रात्री-अपरात्री केव्हाही बोलावणे येई. कामाला तास नव्हते आणि मोबदल्याची खात्री नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली. कायद्याने वतन गेले, परंतु "द्याल ते द्या" ही जुनी सवय जिभेवरून गेली का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. माझी आई गोधडीचे पैसे सांगताना नेमके हेच शब्द वापरीत असे.

आणखी एक गोष्ट. तेव्हा धंदा जन्माने चिकटत असे. छंद हा आपण निवडलेला असतो. निवडलेल्या कामाची किंमतही आपणच सांगावी, हे त्याच्याशी सुसंगत आहे.

घेता येईल अशी वस्तू

आता व्यवहाराचा प्रश्न उरतो. पाच हजारांची गोधडी घेणारे लोक आहेत, पण ते मोठ्या शहरांत आणि प्रदर्शनांत भेटतात. सुरुवात लहान वस्तूने करावी. तान्ह्या बाळासाठी तीन फूट बाय साडेतीन फुटांची गोधडी घेऊ. मोठी गोधडी ३५ चौरस फुटांची, ही साडेदहा चौरस फुटांची. म्हणजे श्रम साधारण तीस टक्के, १८ तास. साहित्य ३५०, मजुरी ९००, इतर खर्च १००, मिळून १,३५०. त्यावर दहा टक्के म्हणजे १३५. किंमत झाली १,४८५ रुपये. बारशाला, डोहाळेजेवणाला दीड हजाराची भेट देणारी माणसे आपल्या ओळखीतही सापडतात. याच कामातून उशांचे अभ्रे, खांद्यावरच्या पिशव्या, पाटावरची आसने करता येतात. बिहारची सुजनी, बंगालची कांथा, उत्तर कर्नाटकातील सिद्दी भगिनींची कवंदी ही आपल्या गोधडीचीच भावंडे. ती स्वतःच्या नावाने बाजारात उभी आहेत.

रस्त्यावर यंत्रावर शिवलेल्या गोधड्या काहीशे रुपयांना मिळतात. त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करू नये, तिथे आपण हरणारच. आपली वस्तू हाताची आहे, हे घेणाऱ्याला सांगावे, टाका दाखवावा. मात्र मग दर्जाही तसाच हवा. कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे नंतर आटून गोधडी चुण्या पडल्यासारखी होत नाही. गडद रंगाचे कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. रंग लागला तर ते बाळाच्या गोधडीत वापरू नये. आतले थर सुतीच असावेत. कृत्रिम धाग्याची साडी घाम शोषत नाही. टाके एकसारख्या अंतरावर असावेत. बाळाच्या वस्तूला टिकल्या, आरसे, मणी लावू नयेत. शेवटी प्रत्येक गोधडी उजेडात धरून सगळीकडून चाचपून पाहावी. आत राहिलेली एक सुई आपले नाव कायमचे घालवील.

दुकानात वस्तू ठेवायला दिली तर दुकानदार कमिशन घेतो. समजा त्याने वीस टक्के घेतले. १,४८५ मधून २९७ गेले, उरले १,१८८. त्यातून साहित्याचे व इतर खर्चाचे ४५० वजा केले की मजुरीला ७३८ राहतात, म्हणजे तासाला ४१ रुपये. नफा तर नाहीच. म्हणून दुकानात द्यायचे असेल तर कमिशन किमतीत आधीच धरावे आणि बाहेर आपणही त्याच किमतीला विकावे.

कर्ज केव्हा घ्यावे?

आमच्या ओळखीच्या एका ताईंचा अनुभव सांगतो. हात सुरेख. कुणीतरी सुचवले म्हणून त्यांनी आधी कर्ज काढले आणि मोटारीची दोन शिलाई यंत्रे घेतली. ऑर्डर मात्र एकही हातात नव्हती. यंत्रे चादर घालून कोपऱ्यात उभी राहिली आणि हप्ता दर महिन्याला येत राहिला. शेवटी एक यंत्र पडत्या किमतीत विकावे लागले. त्या ताईंचा हात वाईट नव्हता, क्रम चुकला होता.

हिशेब असा करावा. ५० हजारांचे कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ३ वर्षे असे धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. हप्ता नफ्यातून जायला हवा. मजुरीतून गेला तर घरात काय येणार? एका बाळगोधडीत नफा १३५. म्हणजे हप्त्यापुरत्या दरमहा तेरा गोधड्या विकायला हव्यात. रोज चार तासप्रमाणे २६ दिवसांत १०४ तास होतात. त्यात एकटीच्या हाताने पाच-सहा गोधड्या होतात. तेव्हा एकटीने सुरुवातीलाच एवढे कर्ज घेणे शहाणपणाचे नाही. उलट सहा गोधड्यांच्या साहित्याला फक्त २,१०० रुपये लागतात. सुरुवातीचे खरे भांडवल एवढेच आहे. एवढी रक्कम बचत गटातून सहज मिळू शकते.

नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम १९९२ साली सुरू केला. गट दहा ते वीस जणींचा असतो. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही त्याची पंचसूत्री. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५पासून महिलांसाठी काम करीत आहे. ग्रामीण भागात आता "उमेद" अभियानही आहे. गटामुळे साहित्य घाऊक भावाने मिळते, मोठी ऑर्डर वाटून घेता येते आणि शासनाच्या "सरस"सारख्या प्रदर्शनांत जागा मिळण्याचा मार्ग खुला होतो.

मागणी वाढली, माणसे वाढली, की बँकेत यावे. मुद्रा योजना २०१५पासून सुरू आहे. तीत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तीत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. गोधडीचे वेगळे नाव त्या यादीत नाही, पण शिंपीकाम, चर्मकाम, टोपल्या-चटया-झाडू, बाहुल्या व खेळणी, कुंभारकाम, हारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८पासून आहे. त्याच्या अनुदान व बीजभांडवल योजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात करावी. उद्यम नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

आमच्याकडे कर्ज मागायला येणारे लोक कागदपत्रांची भली मोठी पिशवी आणतात. त्यात रेशनकार्डापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सर्व असते, नसते ती फक्त धंद्याची वही. धंद्याचे खाते वेगळे ठेवावे. विक्रीचे पैसे रोख आले तरी त्या खात्यात भरावेत. मोबाइलवर आलेले पैसेही तिथेच यावेत. वर्षभराचे पासबुक आणि एक वही, एवढे दाखवले तर कर्ज मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

म्हसवडची गोष्ट

सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने गावातील महिलांनी परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा तो आधी नामंजूर झाला, कारण अनेक प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, अर्जावर अंगठे होते. त्या बायका खचल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग लावले. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि वाचता येत नसले तरी आम्हाला मोजता येते, कुठल्याही रकमेचे व्याज आम्हाला विचारा, असे त्यांनी सांगितले. बँकेला परवाना मिळाला. बँकेत काम करणारा माणूस म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या आया-बहिणींना हिशेब येतो. तो कागदावर उतरवण्याची सवय तेवढी लावायची आहे.

विद्यार्थ्यांना एक विनंती

इथे आपल्या विद्यार्थी मित्रांचे काम सुरू होते. घरात आई, आजी, मावशी, बहीण काही विणत असेल, शिवत असेल, रंगवत असेल, तर येत्या सुट्टीत एक शंभर पानी वही घ्या. पानावर चार रकाने आखा : वस्तू, साहित्याचा खर्च, लागलेले तास, मिळालेले पैसे. महिनाभर रोज संध्याकाळी पाच मिनिटे बसून त्या सांगतील तसे लिहा. वस्तूचा दिवसाच्या उजेडात स्वच्छ फोटो काढा. महिन्याच्या शेवटी मिळालेल्या पैशांतून साहित्य वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा आणि जो आकडा येईल तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे अवघड नाही. इतरांना पाचवीच्या गणितावर जमेल.

आकडा लहान आला तर काम बंद करा, असे सांगू नका. किंमत कुठे वाढवता येईल, वस्तू कुठे लहान करता येईल, साहित्य कुठे स्वस्त मिळेल, हे त्यांच्याबरोबर बसून पाहा. आणि ज्यांना आपला छंद छंदच ठेवायचा असेल, त्यांना तो तसा ठेवू द्या. नातवंडांसाठी शिवलेल्या गोधडीला किंमत लावायची नसते. पण ती भेट आहे हे शिवणाऱ्या बाईने स्वतः ठरवावे, नेणाऱ्याने नव्हे.

माझ्या आईने आयुष्यात किती गोधड्या शिवल्या, याची नोंद नाही. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही. मागच्या दिवाळीत मी वरचा हिशेब तिला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मग तवा का न्हाई सांगितलंस?" तेव्हा मला हिशेब येत नव्हता. आता येतो. म्हणून तो आपल्यापुढे मांडला.